सकाळची पाळी

बटण दाबलं गेलं नाही. अरुंधती गुप्तेनं माउस पुन्हा तिथे नेला, पुन्हा टिचकी दिली. पडद्यावरचं ते राखाडी बटण, ज्यावर तिनंच चार वर्षांपूर्वी मराठीत 'पाळ्या लावा' असं टाइप केलं होतं, जागचं हललं नाही. एरवी ते जरासं आत जायचं, शीटमधली नावं थरथरल्यासारखी व्हायची आणि पुढच्या पंधरवड्याच्या पाळ्या लागून तयार असायच्या. आज ते भिंतीवर रंगवलेल्या खिडकीसारखं नुसतं दिसत होतं. तिसऱ्यांदा दाबल्यावर इंग्रजीत एक चौकट आली, वस्तू आत घालता येत नाही अशा अर्थाची. कसली वस्तू, आणि कुणी घालायला सांगितली? तिनं चौकट बंद केली आणि मान वळवून आधी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. पलीकडच्या हॉलमध्ये सहा मशीन्स घरघरत होती, सकाळच्या पाळीचे सहा पेशंट डोळे मिटून पडले होते, आणि त्यातला एखादा आपल्याकडे बघतोय अशी तिला शंका आली.

पनवेलच्या त्या ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरमध्ये छत्तीस माणसं रक्त शुद्ध करून घ्यायला येत. अर्धी सोमवार-बुधवार-शुक्रवार, अर्धी मंगळवार-गुरुवार-शनिवार. दिवसाला तीन पाळ्या, एका पाळीला सहाजण. सकाळची पाळी सगळ्यांना हवी. सातला सुई टोचली की अकराला मोकळं, घरी जाऊन चार घास खाऊन पडता येतं. संध्याकाळची पाळी कुणालाच नको. रात्री नऊला सुटायचं, अंगात त्राण नाही, आणि नेऱ्याकडे नाहीतर करंज्याकडे जाणारी गाडी गेलेली. म्हणून दर पंधरा दिवसांनी पाळ्या फिरायच्या. पूर्वी अरुंधती ते हातानं लिहायची, आणि फळ्यावर कागद लागला की कुजबुज सुरू व्हायची. अमक्यानं तिला पापलेटं आणून दिली. तमकी तिच्या आळीतली. एकदा तर एका बाईनं तिच्या तोंडावर विचारलं होतं, ‘‘ताई, आमी काय आनून दिलं तं आमचा नंबर सकाळी लागंल?’’ त्या रात्री अरुंधतीला झोप लागली नव्हती. मग ती पुस्तक आणून एक्सेल शिकली, रविवारी बसून शीट केली, बटण केलं. त्यानंतर कुणी काही विचारलं की ती दोन्ही हात वर करून सांगायची, ‘‘मी काही करत नाही हो. कॉम्प्युटर लावतो. मी फक्त बटण दाबते.’’ हे वाक्य उच्चारताना तिला दरवेळी अंग धुतल्यासारखं वाटायचं.

तिचे वडील पोस्टात होते. ती आठवीत असताना एक रजिस्टर पाकीट हरवलं आणि चौकशी लागून तीन महिने ते घरी बसले. सकाळी दहाच्या ठोक्याला कपडे करून खुर्चीत बसायचे आणि साडेपाचला उठायचे. मग ते पाकीट कपाटामागे सापडलं, साहेबांनी स्वतः घरी येऊन हात हातात घेतला, सगळं मिटलं. मिटलं म्हणजे काय, तर त्यानंतर टपालाची थैली उघडताना दुसरा एक कारकून हटकून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं म्हणे. तोच आपणहून यायचा, आणि हसून गप्पा मारायचा. वडिलांनी पुढे बिनखिशाचे सदरे शिवून घेतले. शिंप्यानं विचारलं तेव्हा म्हणाले, उकडतं. लहानपणी अरुंधतीला ते सदरे दोरीवर वाळताना विचित्र दिसायचे, छातीवरचं काहीतरी कापून काढल्यासारखे. संशय हा प्रकार तिला माणसांपेक्षा आधी कपड्यांतून कळला होता असं म्हणायला हरकत नाही. आणि म्हणूनच की काय, तो तिला फार लवकर यायचा. दूध उतू गेलं तरी आधी मनात नाव यायचं.

आताही आलं. कीर्ती. कीर्ती घरत, शिरढोणची, तेवीस वर्षांची, चार महिन्यांपूर्वी लागलेली टेक्निशियन. काल, बुधवारी, अरुंधती पाचला घरी गेली होती आणि संध्याकाळची पाळी कीर्तीकडे होती. आज सकाळी आल्यावर खुर्ची खाली केलेली होती. माउस कीबोर्डाच्या डावीकडे होता. कीर्ती डावखुरी. म्हणजे ती इथे नुसती टेकली नव्हती, बसून काम केलं होतं. काय काम? पेशंटची वजनं लिहायला माउस लागत नाही. आणि सोमवारचं ते विचारणं. डबा खाताखाता मान वर न करता विचारलं होतं तिनं, ‘‘मॅडम, ते बटण दाबल्यावर आत नेमकं होतं काय?’’ तेव्हा अरुंधती म्हणाली होती, ‘‘आत? आत काय होणार. नावं फिरतात.’’ पण तिनं अर्ध्या डब्यावरच झाकण लावलं होतं, कारण आत आणखी एक गोष्ट होती. एक ओळ होती. ती अरुंधतीशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हती.

दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, ती सहा वाजता दुधाला निघाली असताना एसटी स्टँडच्या नळावर तिला गुणाबाई कोळी दिसली होती. करंज्याची गुणाबाई, सुकी मासळी विकणारी, चौसष्ट वर्षांची. दंडाला आदल्या संध्याकाळच्या सुयांची पट्टी तशीच, पदराला बाकाची धूळ. तोंडावर पाणी मारत होती. ‘‘पयली गाडी पकराची व्हती, म्हून आले,’’ असं हसत म्हणाली. पण पहिल्या गाडीनं करंज्याहून कुणी पनवेलला येऊन पुन्हा करंज्याची पहिली गाडी धरत नाही, एवढं अरुंधतीला कळत होतं. बाई रात्रभर बाकावर होती. त्या रविवारी अरुंधतीनं बटणामागचा प्रोग्रॅम उघडला आणि एक ओळ घातली. गुणाबाईचं नाव संध्याकाळच्या पाळीत आलं, तर ते उचलून सकाळच्या पाळीत शेवटी टाकायचं आणि तिथलं नाव संध्याकाळी आणायचं. मग प्रोग्रॅमला पासवर्ड लावला. गुणाबाईला तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती मासळी घेऊन आली असती.

म्हणजे कीर्तीनं ते उघडलं. उघडायला गेली आणि मोडून ठेवलं. नाहीतर मुद्दाम मोडून ठेवलं, म्हणजे दुरुस्त करायला बाहेरचा माणूस येईल आणि सगळ्यांदेखत ते निघेल. नऊ वाजेपर्यंत अरुंधतीच्या मनात ही गोष्ट इतकी पक्की झाली होती की ती घडताना आपण पाहिली असं तिला वाटू लागलं. दहाला तिनं ट्रस्टचे सेक्रेटरी काशिरामभाऊ ठाकूर यांना फोन केला. शीट चालत नाही, पाळ्यांचा कागद आज लागायला हवा, असं सांगितलं. काशिरामभाऊ म्हणाले, ‘‘अचानक कशी काय बंद पडली? कोणी काही केलं काय?’’ अरुंधतीनं दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, ‘‘मी कुणाचं नाव घेत नाही. काल संध्याकाळी कॉम्प्युटरवर कीर्ती होती, एवढंच.’’ एवढंच हा शब्द उच्चारून तिनं फोन ठेवला आणि तिला तहान लागली.

कीर्ती साडेअकराला आली, डोक्यावरचा स्कार्फ सोडत. दुपारच्या पाळीच्या नळ्या तयार करायला ती वळली तेव्हा अरुंधतीनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘काल कॉम्प्युटर बंद कसा केलास?’’

‘‘केलाच नाही मॅडम. बंद करायला गेले तर ते अपडेट घेत होतं. बंद करू नका असं लिहून आलं. टक्के पुढे सरकतच नव्हते. माझी शेवटची रिक्षा गेली असती म्हणून तसाच ठेवून गेले.’’

‘‘आणि माउस डावीकडे कशाला?’’

कीर्तीनं तिच्याकडे पाहिलं. ‘‘मी डावखुरी आहे,’’ ती म्हणाली, आणि मग, ‘‘काय झालंय?’’

‘‘काही नाही,’’ अरुंधती म्हणाली. उत्तर सरळ होतं, आणि म्हणूनच तिला ते तयार करून आणल्यासारखं वाटलं. खरं बोलणारी माणसं अडखळतात असा तिचा समज होता. वडील चौकशीत खूप अडखळले होते.

कॉम्प्युटरवाला प्रितेश दोनशिवाय येणार नव्हता. तोपर्यंत हातानं यादी करावी म्हणून तिनं कोरा कागद घेतला. नियम सोपा होता. सहा-सहांचे तीन गट, आणि गट एकेक घर पुढे सरकायचे. सोमवारवाल्यांची यादी झाली. मग मंगळवारवाल्यांची. सोमवारपासून दुसरा गट सकाळी. तिनं सहा नावं लिहिली, सहावं भगवान भोपी, नेरे. तिसरा गट दुपारी. पहिला गट संध्याकाळी, त्यात चौथी गुणाबाई कोळी. आता बटण दाबल्यावर आत जे व्हायचं ते तिला हातानं करायचं होतं. गुणाबाईच्या नावावर तिनं रेघ मारली. मग पेन वर नेलं आणि भगवानच्या नावावर टेकवलं, आणि रेघ मारवेना. चार वर्षांत तिनं एकाही नावावर हातानं रेघ मारली नव्हती. पेन कागदावर टेकून राहिलं तसा शाईचा ठिपका पसरत गेला. आणि त्या ठिपक्याकडे बघताबघता तिला सुचलं की पहिला गट जेव्हा जेव्हा संध्याकाळी जातो, तेव्हा तेव्हा दुसरा गटच सकाळी येतो. दरवेळी. आणि दुसऱ्या गटातलं शेवटचं नाव दरवेळी एकच असतं.

ती उठली. कपाटातून जुन्या याद्यांची फाइल काढली आणि उभ्याउभ्याच उलटली. गेला ऑक्टोबर, भगवान भोपी, संध्याकाळ. त्याआधीचा पंधरवडा, दुपार. मग संध्याकाळ. मग पुन्हा संध्याकाळ. दुपार. संध्याकाळ, संध्याकाळ. ती मागे मागे जात राहिली, मागच्या वर्षीच्या जूनपर्यंत. बाकी सतराजणांना सकाळ होती. भगवानला दीड वर्षात एकदाही सकाळ नव्हती. हे सगळे कागद तिनं स्वतः छापले होते, स्वतः फळ्यावर टाचले होते. पण टाचताना ती फक्त गुणाबाईचं नाव बघायची. खाली कोण गेलं हे ती बघत नसे. बघायचं नाही असं तिनं कधी ठरवलं नव्हतं, पण डोळे आपोआप तिथून निघून यायचे.

आणि भगवान तर सांगत होता. एकदा नाही, सहा-सात वेळा. पन्नाशीचा, उंच, वाकलेला, बोलताना समोरच्याच्या बोटांकडे बघणारा माणूस. ‘‘ताई, मना सकाल कदीच नाय लागत. काय तरी हाय यात.’’ ती हात वर करून म्हणायची, मी फक्त बटण दाबते. एकदा तो म्हणाला, ‘‘मंग माझ्यासमोर दाबा.’’ तिनं त्याच्यासमोर दाबलं. बटण आत गेलं, नावं थरथरली, भगवान संध्याकाळी. तो पडद्यावरची नावं बोट ठेवून वाचून गेला. त्या दिवशी डबा खाताना तिनंच कीर्तीला सांगितलं होतं, काही माणसांचा स्वभावच शंकेखोर असतो, काय करणार. बटणाचं विचारणं त्यानंतरचं. म्हणजे कीर्तीनं मोडायला विचारलं नव्हतं. तिनं फळ्यावर लागलेले कागद वाचले होते, एवढंच. पुन्हा एवढंच. अरुंधती खुर्चीत बसली. खुर्ची अजून खालीच होती.

प्रितेश दोनला आला, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि बटण एकदाच दाबून हसला. ‘‘तुम्ही आजच्या पाचव्या, मॅडम. काल रात्री सुरक्षेचं अपडेट आलंय ना, त्यानं सगळ्यांची बटणं मारलीत. त्या नाक्यावरच्या क्लासवाल्यांची हजेरीसुद्धा बंद आहे. चोर येऊ नये म्हणून कुलूप बदललं आणि घरचाच माणूस बाहेर राहिला, तसं झालंय.’’

‘‘म्हणजे कुणी... हात लावलेला नाही?’’

‘‘हात कोण लावणार? आपोआप येतं ते.’’ तो कुठल्याशा आतल्या फोल्डरमध्ये शिरला. नावाच्या शेवटी ईएक्सडी लिहिलेल्या तीन-चार फाइल्स त्यानं शोधून काढल्या. बटणांची जुनी ओळख त्यात साठलेली असते, ती नव्या अपडेटशी जुळत नाही, असं काहीसं सांगत त्या पुसून टाकल्या. ‘‘पासवर्ड देता का? आतला प्रोग्रॅम एकदा बघून घेतो, बरं असतं.’’

‘‘नको,’’ अरुंधती इतक्या चटकन म्हणाली की त्यानं हात वर घेतले. ‘‘नको तर नको.’’ त्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला, शीट उघडली आणि बाजूला सरकला. तिनं बटण दाबलं. ते आत गेलं. नावं थरथरली. गुणाबाई कोळी, सकाळ. भगवान भोपी, संध्याकाळ. काहीच मोडलेलं नव्हतं. जसं होतं तसं सगळं चालत होतं.

प्रितेश गेला आणि कीर्ती दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात रबरी मोजे तसेच होते. ‘‘काशिरामभाऊंचा फोन आला होता. सोमवारपासून मला उरणच्या सेंटरला जायला सांगितलंय. इथल्या कपाटाची चावी तुमच्याकडे द्या म्हणाले.’’ तिनं चावी टेबलावर ठेवली. ‘‘मी काय केलं ते सांगाल का मॅडम? नाही, घरी विचारतील म्हणून.’’

अरुंधतीनं तिच्यासमोरच फोन लावला. काशिरामभाऊंना म्हणाली, भाऊ, अपडेटचा घोळ होता, गावभर झालाय, कीर्तीचा काही संबंध नाही. पलीकडून हसण्याचा आवाज आला. ‘‘असू दे हो ताई. पण तुम्हाला तिचाच संशय आला ना? एवढ्या वर्षांच्या अनुभवी तुम्ही. काहीतरी दिसलं असेल म्हणूनच आला. राहू दे तिला उरणला.’’ अगदी मायेनं बोलत होते. अरुंधतीला थैलीशेजारी येऊन उभा राहणारा तो कारकून आठवला. लहानपणी तिला तो फार दुष्ट वाटायचा. त्याला कुणी काय सांगितलं असेल, आणि सांगणाऱ्यानं ते किती कमी शब्दांत सांगितलं असेल, याचा तिनं कधी विचार केला नव्हता.

‘‘भाऊ, मला तिचा संशय आला कारण शीटमध्ये माझीच लबाडी होती,’’ ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं. गुणाबाई, नळ, ओळ, पासवर्ड, भगवान, दीड वर्ष. कीर्ती दारात ऐकत होती.

‘‘बाईकडून काय घेतलं तुम्ही?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मासळी वगैरे?’’

‘‘काही नाही भाऊ.’’

‘‘मग उगाच कोण कशाला करेल?’’ काशिरामभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. आता त्यात माया नव्हती, सौजन्य होतं. ‘‘बरं. रविवारी मीटिंगला या. तोपर्यंत ते यादीचं काम कीर्तीला करू दे. तिचं उरणचं रद्द.’’

कीर्तीनं चावी उचलली नाही. ‘‘मी उरणलाच जाते मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘इथे मी माउसला हात लावला की तुम्ही बघाल. बघणार नाही म्हणाल, पण बघाल.’’ तिच्या बोलण्यात राग फारसा नव्हता, आणि ते ऐकून घेणं त्यामुळे जास्त अवघड गेलं. अरुंधतीनं नाही म्हटलं नाही. तिनं प्रोग्रॅम उघडला, कीर्तीला जवळ बोलावून ती ओळ दाखवली आणि तिच्यादेखत पुसली. पासवर्ड काढून टाकला. मग बटण दाबायला तिला खुर्ची दिली. कीर्तीनं माउस डावीकडे घेतला आणि दाबलं.

चार वाजता गुणाबाई मशीनवरून उठली तेव्हा अरुंधतीनं तिला सांगितलं की पुढचा पंधरवडा संध्याकाळ आहे. का, ते पण सांगितलं. गुणाबाई दंडावरची पट्टी दाबून धरत ऐकत राहिली. ‘‘मना ठावंच नवतं,’’ ती म्हणाली. ‘‘मना वाटलं एकवीरा आई बगतंय माझ्याकरं.’’ आणि मग, ‘‘बगीन काय तं,’’ असं म्हणून पिशवी घेऊन निघाली. तिचं काय होणार हे अरुंधतीला माहीत नव्हतं. रविवारी ते विचारायला हवं, सगळ्यांसमोर, तोंडानं.

पावणेपाचला भगवान आला. नेहमीप्रमाणे आधी फळ्याकडे गेला, चष्मा लावला, बोट ठेवून नावं वाचली. एकदा वाचून पुन्हा वाचली. मग वळून संशयानं तिच्याकडे बघितलं. ‘‘सकाल?’’ तो म्हणाला. ‘‘आता काय झालं?’’

ती त्याच्याजवळ गेली. उभ्याउभ्याच बोलली, फार सावरून न घेता. तो तिच्या बोटांकडे बघत ऐकत होता. बोलून झाल्यावर ती थांबली. तो ओरडेल, ट्रस्टकडे जाईन म्हणेल, नाहीतर निदान एक शिवी देईल, याची ती वाट बघत होती. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

‘‘म्हंजे होतं,’’ भगवान म्हणाला. ‘‘काय तरी होतंच.’’

‘‘होतं.’’

‘‘मी येडा नाय.’’

‘‘नाही. तुमचं बरोबर होतं. पहिल्यापासून.’’

तो बाकावर बसला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग घाईघाईनं फोन काढून नंबर लावला आणि कानाला धरला. ‘‘भामा? आयक. थांब, आयक तं खरी,’’ असं म्हणत तो उठला, आणि फोन अरुंधतीच्या हातात दिला. ‘‘घरवाली हाय. दीड वरीस मना सांगतंय, तुमी समद्यांवर संशय घेता, रोगानं डोक्यात गेलंय तुमच्या. पोरगी बी तेच बोलते. माझ्याजवल कोन बसत नाय घरात.’’ त्यानं फोनकडे बोट दाखवलं. ‘‘तुमी सांगा तिला. मना जे सांगितलं ना, तेच. समदं सांगा.’’

फोन त्याच्या हातानं गरम झाला होता. पलीकडे बाई ‘‘कोन? कोन बोलतंय?’’ असं विचारत होती, मागे कोंबड्या ओरडत होत्या. भगवान अगदी जवळ येऊन उभा राहिला, एकही शब्द सुटू नये म्हणून कान पुढे करून. अरुंधतीनं फोन कानाला लावला.

‘‘भामाताई,’’ ती म्हणाली, ‘‘मी पनवेलच्या सेंटरमधून अरुंधती गुप्ते बोलतेय. तुमच्या मालकांना दीड वर्ष सकाळची पाळी मिळाली नाही, ती माझ्यामुळे...’’